लॉट मिसळू नये

बुकित पंजांग, सिंगापूर
७ जुलै २०१४

गार्गी,

आशीर्वाद आहेत असं धरून चाल. तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी तीन पानं, त्यातली पावणेतीन रायफलीवर. बरं केलंस. दुसरं काही लिहिलं असतंस तर मी वाचून ठेवून दिलं असतं.

संग्राम म्हणतो, बाबा, फोन करा ना तिला. नको. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. तू पत्र टाकलंस, मी पत्र टाकतो. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. सातवी पास माणूस, त्यात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

ऑस्ट्रेलियात घरी बसून काडतुसं भरायला परवानगी देतात हे वाचून मी चष्मा पुसला. आपल्याकडे ज्या कामाला भिंती, पहारे आणि तीन साहेबांच्या सह्या, ते तू गॅरेजमध्ये करतेस. असो. तुझं तू जाण.

तू म्हणतेस, शंभर मीटरवर पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातात आणि नऊशेवर त्याच वर-खाली शिंपडल्यासारख्या पडतात. डावं-उजवं असेल तर तो वारा, तो तुझा तू बघ. वर-खाली म्हणजे एक गोळी जोरात सुटते, एक हळू. शंभरावर ते दिसत नाही, नऊशेवर चव्हाट्यावर येतं. म्हणजे खोट तुझ्या नेमात नाही, तू भरतेस त्या मालात आहे. मी अठ्ठावीस वर्षं दारूगोळा फॅक्टरीत प्रूफला काढली. तयार झालेल्या ढिगातली मूठभर काडतुसं उचलायची, मारून बघायची, लॉट पास का नापास ते सांगायचं. एवढंच मला येतं, आणि नेमकं तेवढंच तू विचारलंस.

पावडर तोलताना पंखा चालू असतो का? तराजू कशावर ठेवतेस? टेबल हलतं का? काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या एकाच खोक्यातल्या आहेत का चार ठिकाणच्या गोळा केल्यास? कितव्यांदा भरतेस? हे सगळं लिहून पाठव. आणि तीन गोळ्या मारून निकाल लावू नकोस. तीन गोळ्या काहीही सांगतात. वीस मार, मग बोल.

शेवटच्या ओळीत आईचं विचारलंस. त्यात नवीन काही नाही. दोन दिवसांत सगळं आटपलं. तू निघाली असतीस तरी पोचली नसतीस. तो विषय पुन्हा नको.

बाबा


१ ऑगस्ट

गार्गी,

तुझं उत्तर आलं. काय म्हणे, 'बाबा, तीन गोळ्यांवर निकाल लावू नये म्हणता, आणि माझ्या नवऱ्याला, ग्रेगला, तुम्ही एकदाच बघितलंत. चाळीस मिनिटं. त्यातली दहा तो संडासात होता.'

वाचून अनुजा हसली. सून असून हसली. मी म्हटलं, ते वेगळं. ती म्हणाली, 'कसं वेगळं ते लिहा ना बाबा तिला.' मला सुचलं नाही. सुचलं की लिहीन.

कामाचं बोलू. पंखा बंद केलास, बरं झालं. पुंगळ्या एकाच खोक्यातल्या, चौथ्यांदा भरलेल्या. चालेल, पण चारदा मार खाऊन त्यांची मान कडक होते. मग एक गोळी घट्ट धरते, एक सैल सोडते. मान तापवून नरम करून घे. ग्रेगला येतं म्हणतेस तर त्याला करू दे. फक्त खालचा भाग तापू देऊ नकोस, तो कडकच राहिला पाहिजे.

मी कागदावर पुंगळीचं चित्र काढून बाण मारलेत, सोबत आहे. ते काढत होतो तर जाई शाळेतून आली. 'आजोबा, why you draw lipstick?' म्हटलं, बाळा, हे तुझ्या आत्याचं काडतूस. तिने ते जेवताना बापाला सांगितलं. झालं! संग्रामचा घास हातात. 'बाबा, हा देश वेगळा आहे. इथे हे शब्द लिफ्टमध्येसुद्धा काढू नका. माझा कामाचा पास आहे, जाईची शाळा आहे.' सबंध दिवस हार्बरफ्रंटला जहाजांची इंजिनं तपासतो आणि घरी येऊन कागदाला घाबरतो. मी म्हटलं, अरे चित्र आहे. तर म्हणे चित्रसुद्धा नको. आता खाली इमारतीच्या दगडी टेबलावर बसून लिहितो. तिथे चिनी म्हातारे पत्ते खेळतात. मला कोणी विचारत नाही, मीही कोणाला विचारत नाही. बरं चाललंय.

पोस्टातली बाई म्हणाली, 'Uncle, what inside?' म्हटलं, पेपर. 'Only paper?' ओन्ली पेपर. खरंच की.

ऑक्टोबरातल्या मॅचवरून राज्याची टीम निवडणार म्हणतेस. दोन वर्षं त्याच्यासाठी मरतेस. मर. पण घाई करू नकोस.

बाबा


२६ ऑगस्ट

गार्गी,

पत्र आलं. खूश दिसतेस. मान तापवल्यावर फरक पडला, मग तू पावडर थोडी थोडी चढवत नेलीस आणि वरच्या टोकाला अशी जागा सापडली की नऊशेवर गोळ्या एका ताटलीत बसल्या. त्याच मापाने मॅचसाठी एकशेवीस भरून ठेवल्यास. शाबास म्हणणार होतो. पण पुढे सहज म्हणून एक वाक्य टाकलंयस, 'कधी कधी बोल्ट उचलायला जड जातो, पण ते नवीन ग्रीस लावलंय म्हणून असेल.'

ग्रीस लावल्यावर बोल्ट जड जातो होय? रायफलीचं ते मागचं दार अडतं ते आत दाब फार झाला की. फॅक्टरीत असं बोलणाऱ्याला मी दारातून परत पाठवलं असतं.

म्हणून संग्रामला तुझ्याकडून मारलेल्या पुंगळ्यांच्या बुडाचे फोटो मागवायला लावले. कुरकुरला, पण मागवले. मी मोठे करकरून बघितले. दहा पुंगळ्या. सहांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या कॅपची कड गोल आहे, जशी पाहिजे तशी. चार चपट्या, पोळपाटावर दाबल्यासारख्या. त्या चारांत दाब फार झालाय.

सगळ्या चपट्या असत्या तर म्हटलं असतं, पावडर उतरव, मोकळी हो. सगळ्या गोल असत्या तर मी झोपलो असतो. पण तराजू तोच, माप तेच, हात तोच, आणि सहा एक सांगतात न् चार दुसरं. हे मला आवडलेलं नाही. आणि तू माप ठरवलंस ऑगस्टातल्या थंडीत. मॅचला ऊन असेल. उन्हात तीच पावडर आणखी चढते.

मला कारण सापडेपर्यंत त्या एकशेवीसला हात लावू नकोस. वैतागू नकोस, मीही वैतागलोय. रोज तेच घेऊन बसतो. अनुजा म्हणते, बाबा, जरा फिरून या. फिरून आलो. इथली ती छोटी पुलावरची रेल्वे एक चक्कर मारून जिथे बसलो तिथेच आणून सोडते. उपयोग काय.

बाबा


२० सप्टेंबर

गार्गी,

सापडलं. हे पत्र जलद टपालाने टाकतोय.

परवा अनुजाने तांदळाची नवीन पिशवी आणली. डब्यात दोन मुठी जुने तांदूळ होते. तिने नवीन वरून ओतले. मी म्हटलं, आधी डबा रिकामा कर, पूस, मग भर, खाली किडे होतात. ती म्हणाली, 'बाबा, डबा रिकामा करायचा नसतो. आईंनीच मला सांगितलं होतं, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. तळाला थोडं ठेवायचं आणि वरून भरायचं.'

मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. तिला वाटलं मला चक्कर आली. साखरेचं पाणी घेऊन आली.

तांदूळ, मीठ, हळद, कुंकू. अरुणाने उभ्या जन्मात एक डबा रिकामा होऊ दिला नाही. तू तिच्याच हाताखाली वाढलीस. ताबडतोब संग्रामला म्हटलं, आत्ताच्या आत्ता गार्गीला फोन लाव आणि एकच विचार, पावडरचा डबा संपत आला की ती काय करते.

तू म्हणालीस, 'वरून नवीन ओतते. त्यात काय? तीच पावडर आहे, त्याच कंपनीची, तेच नाव.'

नाव तेच, लॉट वेगळा! एका लॉटची पावडर दुसऱ्यासारखी कधीच नसते. कोणी जरा जलद पेटते, कोणी सावकाश. म्हणून डब्यावर लॉटचा नंबर छापतात. तो शोभेला नसतो. नवीन लॉट आला की माप खालून पुन्हा चढवत यायचं, हा पहिला धडा, झाडूवाल्यालाही तोंडपाठ असायचा. तू नवीन जलद लॉट जुन्या सावकाश लॉटवर ओतलास आणि वरच्या टोकाच्या मापाने एकशेवीस भरल्यास. मिसळलं कुठे किती ते देवाला माहीत. कुठल्या पुंगळीत जुनी जास्त, कुठल्या पुंगळीत नवीन. तुझ्या चार चपट्या त्यातल्याच. खोक्यात आणखी किती चपट्या व्हायच्या बसल्यात ते मी सांगू शकत नाही आणि तूही सांगू शकत नाहीस. वरून बघून ओळखता येत नाही.

दाब फार झाला की पुंगळीचं बूड फाटतं आणि पेटलेला वायू मागे येतो. आम्ही फॅक्टरीत संशयाचा लॉट भिंतीआड उभे राहून दोरी ओढून मारायचो. तू त्याच बोल्टाला गाल टेकवून झोपतेस.

सगळ्या एकशेवीस उघड. पावडर टाकून दे. डबा रिकामा कर, धू, वाळव, एका लॉटची नवीन भर आणि खालून सुरुवात कर. वेळ पुरणार नाही मला माहीत आहे. नाही तर नाही.

बाबा


२५ सप्टेंबर

गार्गी,

मागचं पत्र तुला मिळालं. संग्रामने काल फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. त्याने आवाज मोठा ठेवला होता. म्हणजे तू बोललीस ते सगळं मी ऐकलं. संग्रामवर चिडू नकोस.

तू म्हणालीस, 'दादा, दोन वर्षं मी उन्हातान्हात पालथी पडून काढलीत. बाबांनी बसल्या जागी एक पत्र लिहायचं आणि मी सगळं फेकून द्यायचं? मी त्यातल्या तीस मारल्यात, काही झालं नाही. त्यांना मी जिंकलेली नको आहे.'

तो म्हणाला, अगं, ते ह्या कामातले आहेत.

आणि तू म्हणालीस, 'ते हेही म्हणाले होते की आईचं दोन दिवसांत आटपलं. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. मग ह्यावर का बसावा?'

मी चप्पल घातली आणि खाली आलो. इथेच बसून लिहितोय. पत्तेवाले गेलेत, झाडणारा बंगाली दोनदा पाय वर घ्यायला सांगून गेला.

दोन दिवस नाही. अकरा दिवस.

अकरा दिवस अरुणा दवाखान्यात होती. पहिले आठ दिवस शुद्धीत होती, बोलत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, किडनी गेली, मुलांना बोलवा. संग्राम जहाजावर होता, ब्राझीलच्या पुढे कुठेतरी. तू येऊ शकत होतीस. तिसऱ्या दिवशी फोन केला असता तर पाचव्या दिवशी तू तिच्या उशाशी असतीस. तुझा नंबर माझ्या खिशात होता. दवाखान्याच्या कोपऱ्यावर फोनचं दुकान होतं, मी रोज त्याच्या समोरून चहा आणायला जायचो.

केला नाही. तू मला न विचारता लग्न केलंस, मी म्हटलं होतं या घरात परत पाऊल टाकू नकोस. आता मीच कसा बोलावू, असं वाटलं. एवढंच कारण. दुसरं मोठं काही शोधू नकोस, मी शोधून बघितलंय.

आणखी आहे. अरुणा रोज विचारायची, गार्गीला कळवलं का. मी म्हटलं, कळवलं. येतेय, तिकीट मिळायला वेळ लागतोय. तिने ते खरं धरलं. नर्सला सांगून ठेवलं, 'माझी मुलगी लांबून येणार आहे, रात्री-अपरात्री आली तर गेटवर अडवू नका.' पलीकडच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. सहाव्या दिवशी मला म्हणाली, ती आली की तिच्यावर ओरडू नका हं. मी म्हटलं, नाही ओरडणार.

हे संग्रामलाही माहीत नव्हतं. आता वर जाऊन सांगतो.

लिहून मला हलकं वगैरे काही वाटत नाहीये. थकलोय. तू माफ कर असंही म्हणत नाही, कुठल्या तोंडाने म्हणू. लिहिलं एवढ्यासाठी की तुला माझा एक तरी शब्द खरा वाटला पाहिजे, आणि नुसतं खरं आहे, खरं आहे म्हणून तो वाटणार नाही.

तीस मारल्या, काही झालं नाही म्हणतेस. त्या तीस तू थंडीत मारल्यास. उरलेल्या नव्वद उन्हात मारायच्यात.

मॅचला जा. माझ्याशी बोलू नकोस, पत्र टाकू नकोस, सगळं चालेल. त्या नव्वद मारू नकोस.

बाबा


६ नोव्हेंबर

गार्गी,

मॅच अठरा ऑक्टोबरला होती. त्या रात्री वर जाऊन संग्रामला सगळं सांगितलं, तेव्हापासून काल तुझं पत्र येईपर्यंत इथे कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. संग्राम 'जेवलात का' एवढंच विचारायचा, तेही अनुजाकडे बघून. जाईने मात्र मॅचच्या दिवशी संध्याकाळी खेळून आल्या आल्या विचारलं, 'आजोबा, आत्या okay or not?' मग बापाला विचारायचंही तिलाच सुचलं, मला नाही. संग्रामने ग्रेगला फोन केला. 'Okay lah,' एवढं तिने मला येऊन सांगितलं. त्यापुढचं मी विचारलं नाही.

आता तुझ्या पत्रातून कळलं. तू आणि ग्रेग दोन संध्याकाळी बसून नव्वदच्या नव्वद उघडल्यात. ठोकून ठोकून गोळ्या काढल्यात, पावडर त्याने मागच्या गवतावर पसरून टाकली. मॅचला क्लबातल्या कोणाचीतरी काडतुसं मागून घेतलीस. तुझ्या नळीला ती मानवली नाहीत. अठ्ठावन्न जणांत एक्केचाळिसावी. टीममध्ये नाव नाही. त्या दिवशी ऊन सदतीस डिग्री होतं, तेही लिहिलंस. दोनदा लिहिलंस.

वाईट वाटलं का म्हणून विचारू नये, पण वाटलं. दोन वर्षं थोडी नसतात.

उघडताना ग्रेगने विचारलं, तुझे वडील हे नक्की सांगतात का, आणि तू म्हणालीस, या वेळी नक्की सांगतात. हे तू पत्रात का लिहिलंस माहीत नाही. मी ते तीन-चारदा वाचलं. माझं अक्षर वाईट, तुझं चांगलं आहे, तरी.

आणि त्या माणसाबद्दल, माझ्या चाळीस मिनिटांच्या निकालाबद्दल. अनुजाने विचारलं होतं ते कसं वेगळं. वेगळं नव्हतं. त्याला सांग किंवा सांगू नकोस.

शेवटी तू लिहिलंस, 'मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही. पण आई अकरा दिवसांत काय काय बोलली ते मला सगळं पाहिजे. रोजचं वेगळं. काही गाळायचं नाही, काही चांगलं करून सांगायचं नाही.'

ठीक आहे. मागण्यासारखंच मागितलंस. मला लिहायचा कंटाळा आहे, आणि यातलं बरंचसं मी सहा वर्षं मनातसुद्धा आणलेलं नाही. पण जाईने शाळेची वही दिली आहे आणि संग्रामला म्हटलंय, आज मला जेवायला हाक मारू नका. तो म्हणाला, 'लिहून झालं की मलाही द्या वाचायला.' एवढं मोठं वाक्य तो दीड महिन्यात पहिल्यांदा बोलला.

पहिला दिवस. मंगळवार. सकाळी तिचे पाय सुजले होते आणि दोनदा उलटी झाली. मी म्हटलं, पित्त असेल, संध्याकाळी बघू. ती म्हणाली, 'संध्याकाळपर्यंत नाही निघणार, आत्ता चला.' स्वतः लुगडं बदललं. हिरवं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, 'गॅस बंद केलात का बघून?' मी म्हटलं, हो, बघितला.

बघितला नव्हता.